आधी पाठ, मग पोट

संशय घ्यायला काहीतरी कारण लागतं, असं माझं मत होतं. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने आलेल्या गृहस्थांना कारण लागत नसे. सकाळी दूधवाल्याने हाक मारली की ते आधी घड्याळ बघत, मग दुधाची पिशवी उलटी करून तिची शिवण बघत, आणि मग दूधवाल्याकडे बघत. "आज सात मिनिटं लवकर का?" हा प्रश्न त्याला महिन्यातून चार वेळा तरी ऐकावा लागे. शेवटी त्या बिचाऱ्याने पिशवी खिडकीत ठेवून पळायला सुरुवात केली. त्यामुळे त्यांचा संशय आणखीच वाढला.

भातसानगरला धरणाच्या पंपावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. मूळचे मुरबाडकडचे, एकटेच. कॉलनीतलं घर सोडावं लागलं म्हणून आमच्या शेणवे गावात खोली शोधत आले. नळ, वीज, संडास, यांतलं काही विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभे राहून फरशीवर टाच आपटली आणि म्हणाले, "खाली काय आहे?"

"जमीन," मी म्हटलं.

"मुरूम की भराव?"

"मुरूम. तुम्हाला इथे राहायचंय की काही पुरायचंय?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "हे तुम्ही का विचारलंत?"

तिथूनच आमचं जमलं, म्हणजे जमलं नाही.

मला याद्या करायची सवय आहे. स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला वही टांगलेली असते. घरात काय आलं, काय गेलं, कोण आलं, कशाला आलं, सगळं तीत जातं. त्या वहीत मी त्यांचं पान उघडलं. ताडपत्रीखाली झाकलेली पाच फुटी काच. निळे ड्रम चार. प्लास्टिकचे जाड पाइप, हातभर लांबीचे, दोन्ही तोंडं उघडी. भातसेच्या पात्रातून उचलून आणलेलं, पाण्यात वर्षानुवर्षं मुरलेलं काळं खोड. आणि आठवडे बाजारातून दर वेळी तीन दुधी. एकटा माणूस, आठवड्याला तीन दुधी, आणि खोलीतून फोडणीचा वास एकदाही नाही. पुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.

आठवडाभराने कळलं की टाकीत मासे आहेत. दोनच. पण ते माशांसारखे दिसत नव्हते. अंगावर खवले नाहीत, तर हाडाच्या पट्ट्या एकावर एक, कौलं घातल्यासारख्या. दिवसभर पाइपात शिरून बसायचे आणि दिवेलागणीला बाहेर येऊन त्या खोडावर तोंड घासत राहायचे. भिंतीला कान लावला की खरखर ऐकू यायची. दुधी त्यांच्यासाठी होता. चकत्या करून, स्टीलच्या चमच्याला टोचून, तो चमचा तळाशी सोडायचा. सकाळी चमच्यावर नुसती साल उरलेली असायची.

गावात त्यांना टाकीवाले म्हणायला लागले. समोर कुणी म्हटलं तर ते विचारत, "कोणती टाकी?"

हे मासे त्यांनी शहापूरच्या एका दुकानातून आणले होते, आणि त्या दुकानात जायची त्यांना नंतर बंदी झाली. कारण विचाराल तर, ते दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायचे. दुकानदार म्हणायचा, "हा काच साफ करणारा मासा. याला खायला घालावं लागत नाही, टाकीतलं शेवाळ खाऊन राहतो." की लगेच मागून यांचा आवाज: "शेवाळ संपलं की काय खाईल? काच?" कुणी बोटाएवढा मासा पिशवीत घेऊन निघालं की हे आपला हात कोपरापर्यंत पुढे करून दाखवायचे. "एवढा होतो. घरी एवढी जागा आहे? नसली तर मग कुठे सोडणार आहात, ते आत्ताच सांगा."

"काका, तुम्ही घेताय का काही?" दुकानदाराने एकदा विचारलं.

"मी याचं नाव विचारायला आलोय."

"सांगितलं ना. सकर."

"ते नाव नाही. ती किंमत आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे पुष्कळदा ऐकलं. दुकानदार सांगतो ते नाव नसतं, ती किंमत असते. आंब्याच्या बाबतीत, बियाण्याच्या बाबतीत, एकदा तर आमच्या पाहुण्यांनी आणलेल्या स्थळाच्या बाबतीतही त्यांनी ते ऐकवलं.

नाव ठरवायला ते किती वेळ घेतील याची मला कल्पना नव्हती. पहिल्या पावसाळ्यात मी विचारलं, "त्या माशांची जात कुठली हो?" म्हणाले, "अजून संशयित आहे." दिवाळीत विचारलं, तेच उत्तर. मी म्हटलं, "मोबाइलवर फोटो टाकला की दोन मिनिटांत सांगतात."

"सांगतात. तेच तर." आणि दार लावून घेतलं.

त्याच दिवाळीनंतर मला त्यांचा खरा संशय आला. संध्याकाळी मी मागच्या बाजूला वाळलेले कपडे काढायला गेले होते. त्यांच्या खिडकीला काळं कापड असायचं, त्या दिवशी ते एका टोकाला निसटलं होतं. आत हे गृहस्थ डोक्याला बॅटरी बांधून गुडघ्यावर बसलेले, काचेवर पारदर्शक कागद लावलेला, आणि पेन्सिलीने त्यावर काहीतरी गिरवत होते. नागमोडी रेघा, एकमेकींना जोडलेल्या, फाटे फुटलेल्या. भिंतीवर असेच आणखी वीसेक कागद टाचलेले. प्रत्येकावर तारीख.

आता आमच्या तालुक्यातली धरणं मुंबईला पाणी पाजतात. धरणावर नोकरी केलेला एकटा माणूस, काळं कापड, आणि भिंतभर कालव्यांसारखे नकाशे. मी वहीत लिहिलं नाही, इतकी घाबरले. सरळ मालतीवहिनीकडे गेले. मालतीवहिनी आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. मी सचिव.

"धरणाचा नकाशा?" वहिनी म्हणाल्या. "आनी काय करनार तेचा?"

"कोणाला तरी देणार असतील."

"मंग तू वाटीभर भाजी घेऊन जा आनी बघून ये. तुजं घर हाय."

मी भाजी घेऊन गेले. दार नेहमीप्रमाणे अर्धं उघडलं. "आज काय विशेष?" मी म्हटलं, काही नाही, सहज. सहज हा शब्द त्यांच्यापुढे वापरायला नको होता. पाच मिनिटं आम्ही एकमेकांची उलटतपासणी घेतली. अखेर मी स्पष्टच विचारलं, "भिंतीवर नकाशे कसले आहेत?"

ते दार पूर्ण उघडून बाजूला झाले आणि काचेकडे बोट केलं. मोठा मासा काचेला तोंडाने चिकटून उभा होता. त्याचं पोट आमच्याकडे. पांढुरक्या पोटावर काळ्या नागमोडी रेघा, अगदी भिंतीवरच्यासारख्या.

"पोट आहे," ते म्हणाले. "हा चिकटला की दिसतं. फार वेळ चिकटत नाही, म्हणून घाई करावी लागते."

त्या दिवशी त्यांनी मला पद्धत सांगितली. आधी पाठ, मग पोट, मग नाव. पाठीवरचा पर छत्रीसारखा उघडतो. त्याच्या काड्या मोजायच्या. सात-आठ भरल्या तर एक घराणं, दहाच्या वर गेल्या तर दुसरं. यांच्या माशांच्या बारा. म्हणजे घराणं ठरलं. हे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतलं, मोठ्या पराचं, चिलखती. मग पोट. ठिपके सुटे असले तर एक जात, एकमेकांत मिसळून रेघा झाल्या असल्या तर दुसरी. "आणि दोन्हींची मिसळ झाली असली तर?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बरं बघितलं. "तोच माझा संशय आहे."

म्हणून ते वीस कागद. मासा वाढतो तशा रेघा बदलतात का, ते बघत होते. मी घरी आले आणि वहिनींना सांगितलं, धरण नाही, पोट आहे. त्यांनी मला आधी खाली बसवलं आणि पाणी दिलं.

पण माझा संशय पुरता गेला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. म्हणूनच पुढचं घडलं.

आमच्या गटाने गावतळं मासे सोडण्यासाठी घेतलं होतं. अकराजणी, त्यांतल्या तिघी आदिवासी वाडीवरच्या. वाडीवरच्या हिरूबाईला जाळ्याचं जेवढं कळतं तेवढं आम्हा बाकीच्या दहाजणींना मिळून कळत नाही. चैत्रात पाणी उतरलं आणि आम्ही पहिलं जाळं ओढलं. जड लागलं. बायकांनी आनंदाने आरडाओरडा केला. काठावर आलं तेव्हा जाळ्याला चार ठिकाणी भोकं, आणि रोहू-कटल्यांच्या बरोबरीने काळे, काटेरी, वीतभर लांबीचे मासे अडकून बसलेले. परांच्या काट्यांनी जाळ्याचे धागे धरून ठेवलेले. सोडवायला गेलं की बोटं फाटत होती.

हिरूबाईने एक उलटा करून बघितला. "ह्यो काय गो ताय? दगूड का मासा? आमी कधी बघलाच नाय असा."

"मी बघलाय," मालतीवहिनी म्हणाल्या. "तुमीबी बघलाय. टाकीवाल्याकडं."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. भाडेकरू माझा.

"नको झाले आसतील, आनून वतले आपल्या तळ्यात," कोणीतरी म्हणालं. "तरीच बाटली घेऊन तळ्यावर फिरायचा मेला." हे खरं होतं. तळ्याच्या, नाल्याच्या पाण्याचे नमुने घेत ते फिरायचे. कशाला, ते कधीच नीट सांगितलं नाही.

काठावरच ठरलं. रविवारी गटाची बैठक. तोवर त्यांनी खोली रिकामी केली तर ठीक, नाहीतर पंचायत नळाच्या पाण्यात टाकते ती टीसीएलची जंतुनाशक भुकटी त्यांच्या टाकीत. "तू सांग त्याला," वहिनींनी मला बजावलं. मी मान हलवली. मला त्यात काही चूक वाटली नाही. हिरूबाई मात्र हातातला मासा उलटासुलटा करत एकदा माझ्याकडे बघायची, एकदा माशाकडे.

मी सगळे काळे मासे दोन बादल्यांत भरले, मोजले, तेवीस भरले, आणि मागच्या खोलीत नेऊन रविवारचं सगळं सांगितलं.

ते रागावतील, नाकारतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी चष्मा पुसला. एक मासा ओल्या फडक्यावर घेतला, काडेपेटीतल्या काडीने पर उघडला. "बारा." दुसरा घेतला. "बारा." तिसऱ्याच्या अकरा. मग एकेकाचं पोट वर. मग भिंतीवरचे कागद शेजारी धरून. अर्धा तास गेला.

"रेघा तशाच," ते म्हणाले. "माझ्याकडची आणि ही, एकाच जातीची असावीत."

तो माणूस त्या घडीला काहीही सांगू शकला असता. सुटे ठिपके आहेत, जात वेगळी आहे, म्हणाला असता तर आख्ख्या शेणव्यात त्याला खोटं पाडणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "झालं तर मग."

"झालं नाही. जात तीच म्हणजे माणूस तोच, असं होत नाही. पट्टी द्या."

तेवीसच्या तेवीस मासे त्यांनी मोजले. नाकापासून शेपटीपर्यंत. आकडे मला लिहायला लावले. "माझा हात माझ्या बाजूला झुकेल, तुमचा झुकणार नाही," म्हणाले. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा यांच्यात दोन बोटांचाही फरक नव्हता.

"काय दिसतं?"

"सगळे सारखे."

"म्हणजे एका वयाचे. एका दिवशी पाण्यात पडलेत, बोटाएवढे असताना. माझे दोन, दोन्ही हातभर, आणि दोन्ही टाकीत आहेत. पण हे तुम्ही माझ्या शब्दावर घेऊ नका. माझ्या माशांना पिल्लं झाली असतील आणि मी ती सोडली असतील. यांना अंडी घालायला मातीत बीळ लागतं, इथे काच आहे. पण मी कुठेतरी माती लपवली असेल. बघा."

मी खरोखर बघितलं. कॉटखाली, ड्रममागे, मोरीत. ते दाराशी उभे राहून मला आणखी जागा सुचवत होते. "माळ्यावर नाही पाहिलंत."

माती नव्हती. मी खाली उतरले तेव्हा ते म्हणाले, "आता दुसरा प्रश्न. त्या तळ्यात एका दिवशी, बोटाएवढे, पुष्कळ मासे कोणी सोडले?"

मी पट्टी पुसून ठेवली.

"तुमच्याच गटाने ना? श्रावणात. बीज कोणी मोजलं?"

बीज मी मोजलं होतं. रोहू, कटला, मृगळ अशा माशांची पिल्लं पिशव्यांतून येतात, प्राणवायू भरलेल्या. एकेक मोजणं शक्य नसतं, म्हणून वाटीने मोजतात. पहिल्या वाटीतली पिल्लं खरी मोजायची, पुढे नुसत्या वाट्या. त्या दिवशी टेंपोवाला घाईत होता, ऊन लागून पिशव्या तापत होत्या. पहिल्याच वाटीतून हिरूबाईने चार काळी पिल्लं तळहातावर घेतली होती. "ताय, ही काली काय?" मी वहीतून वर न बघता म्हणाले होते, "मृगळ असतील. टाक." ती म्हणाली, "मृगळाचा डोका असा नसतो गो." मी म्हणाले, "टाक ना, पुढची वाटी घे." चाळीस वाट्या झाल्या.

मी बादल्या उचलल्या. दाराशी त्यांनी विचारलं, "बैठक रविवारीच ना?"

"हो."

"तुम्ही सांगाल असं मला वाटत नाही," ते म्हणाले. रागाने नाही. पर उघडून काड्या मोजाव्यात तसं.

घरी येऊन मी गटाची वही काढली. श्रावणाच्या पानावर रोहू, कटला, मृगळ. तिन्हींपुढे माझ्या हातची बरोबरची खूण.

रविवारला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी हिरूबाईवर संशय घेतला. ती बोलली तर? शेवटी मी वाडीवर गेले. ती झोपडीसमोर बसून फाटलेलं जाळं शिवत होती. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "बीज सोडलं त्या दिवसाचं तुला काय आठवतंय गं?"

तिने सुई थांबवली नाही. "मला काय आठवनार ताय? तुज्या वहीत आसंल तो खरा."

मी परत आले. वाडीपासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट आहे. मी यादी करायचा प्रयत्न केला: सांगितलं तर काय काय होईल, नाही सांगितलं तर काय काय होईल. दुसऱ्या यादीत एकच नोंद होती, त्यांची खोली जाईल. पहिली यादी लांब झाली, पण ही एक नोंद काही खोडता येईना.

रविवारी दुपारी आमच्या ओटीवर अकराजणी जमल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. पिशव्या, वाटी, काळी पिल्लं, मृगळ असतील म्हणाले, टाक म्हणाले. टाकीवाल्यांचा संबंध नाही.

"म्हंजे तूच?" मालतीवहिनी म्हणाल्या. "आनी तीन दिस त्याच्या नावानं आमी बोंबलतोय!"

"मी इचारला होता तिला," हिरूबाई म्हणाली.

"मंग काठावर का नाय बोललीस गो?"

"ती वही घेऊन उबी होती ना." मग माझ्याकडे बघून, "आता तिनीच सांगला, मंग मी बोलते."

वहिनींनी हात पुढे केला. "वही दे इकडं." गटाची वही मी त्यांना दिली. ती पुढे वर्षभर त्यांच्याकडेच राहिली, आणि त्या वर्षी बीज हिरूबाईने मोजलं, परातीत ओतून, एकेक पिल्लू बघून. टेंपोवाला तीन तास शिव्या देत बसला होता.

पण त्या रविवारी मी ओटीवरून उठून मागे गेले, तर दारात टेंपो उभा. मुरबाडचा. टाकी रिकामी करून गोधडीत गुंडाळलेली, कागद भिंतीवरून उतरलेले, दोन्ही मासे निळ्या ड्रममध्ये. मी सांगणार नाही, याची त्यांनी पूर्ण तयारी केली होती.

"राहा," मी म्हटलं. "मी सांगितलं."

"काय सांगितलंत? शब्द सांगा."

मी शब्द सांगितले.

"मृगळ म्हणालात?"

"म्हणाले."

"टाक म्हणालात, तेही?"

"तेही."

"कोण कोण ऐकत होतं?"

मी दहा नावं सांगितली. त्यांनी बोटांवर मोजली. मग ते ओटीच्या बाजूला गेले आणि घरी निघालेल्या हिरूबाईला गाठून काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मग मालतीवहिनींना विचारलं. मालतीवहिनींनी मान हलवली नाही, हात हलवला, "जा बाबा आता" असा. टेंपोवाल्याने भोंगा वाजवला.

"काका, भरायचं ना? मुरबाडला पोचायचंय उजेडात."

ते टेंपोपाशी उभे राहिले. "उद्या या," म्हणाले. "अजून खात्री झालेली नाही."

टेंपो रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

त्याच रविवारी संध्याकाळपर्यंत टाकी जागेवर बसवून पाणी भरून झालं. मासे आत घालायचे होते. त्यांनी ड्रममध्ये हात घातला, मग थांबले, गुडघा धरून खाली बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही घ्या. शेपटीकडून नाही. पोटाखाली तळहात, आणि पर उघडला तर घाबरून सोडायचं नाही."

मी तोवर त्यांच्या या दोन माशांना कधी हात लावला नव्हता. मोठा आधी घेतला. ओल्या वहाणेसारखा खरखरीत आणि वाटला होता त्यापेक्षा जड. त्याने पर ताणला, काटा माझ्या अंगठ्यात रुतला, मी सोडलं नाही. ड्रमपासून टाकीपर्यंत चार पावलं. ती चार पावलं, आणि दुसऱ्या माशाची चार, टाकीवाल्यांची नजर माझ्या हातांवरून एकदाही हलली नाही.